चितरीखालचा कागद

मखमलाबाद रोड, नाशिक
१२ फेब्रुवारी १९९७

सवीताई,

...आणि मांजराचं टेन्शन नाहीच आहे गं, टेन्शन आहे मुंगसाचं. रविवारी तुझी एसटी चुकेल म्हणून माझं अर्धंच सांगून झालं. मागच्या वेळी लाली कोंबडीची सगळी पिल्लं एकाच सकाळी गेली ना, ते मांजराने केलेलं नव्हतं. मी स्वतः बघितलंय ते मुंगूस, मागच्या भिंतीच्या भोकात. पळालं पण नाही. माझ्याकडे इतकं शांतपणे बघत बसलं की मीच मागे सरले. तेव्हाच मी ठरवलं होतं, यापुढे जी कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसेल तिला खुराड्यात बसवायचंच नाही.

त्यामुळे चितरी आमच्या खोलीत बसली आहे! मी आणि आभू झोपतो त्या खोलीत, कपाट आणि पलंगाच्या मधे. मम्मी म्हणाली, "झोपायच्या खोलीत कोंबडी? आता पलंगावर काय ठेवायचं, म्हैस?" मग मी बायोलॉजीचं प्रोजेक्ट आहे असं ठोकून दिलं. पप्पा म्हणाले नववीला असली प्रोजेक्ट असतात हे आम्हाला माहीत नव्हतं, पण हसत होते, म्हणजे परमिशन.

तू आणलेली द्राक्षाची पेटी एकदम परफेक्ट साइज निघाली. खाली तू दिलेले ते पांढरे कागद घातले, त्यावर गव्हाचं काड, त्यावर अंडी. प्रत्येक अंड्यावर कोळशाने फुली मारली आहे, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मधेच येऊन अंडं घातलं तर ओळखू येईल. आभू म्हणाली नुसती फुली नको, नावं दे. आता पहिलीतल्या मुलीशी कोण भांडणार? एकाचं नाव 'टीचर' आहे.

चितरी अंग फुगवून बसते, हात नेला की फटकन चोच मारते. दिवसातून एकदा उठते, दाणे खाते, घाण करते, परत धावत येऊन बसते. मी शाळेच्या लायब्ररीतून कोंबड्यांवरचं एक इंग्लिश पुस्तक आणलंय. त्यात लिहिलंय की हवा कोरडी असेल तर अंड्यांना ह्युमिडिटी लागते, नाहीतर पिल्लू आतल्या पापुद्र्याला चिकटून मरतं. हे वाचल्यापासून मला झोप नाही. आपल्याकडे आत्ताच किती कोरडं झालंय! म्हणून मी रोज शाळेतून आले की कोमट पाणी शिंपडते, अंड्यांवर आणि काडावर पण.

हे कागद नक्की कसले आहेत? तू नुसतं "घाल, पिसवा होणार नाहीत" म्हणालीस. भागीबाई शेजारच्या म्हणत होत्या की त्यांच्या खुडूक कोंबडीला पिसवा इतक्या झाल्या की ती अंडी टाकून उठून गेली. तसं नको व्हायला. मला खरंच भीती वाटते गं. लालीच्या वेळी आभू किती रडली, आणि रडली की तिला दम लागतो, तुला माहितीच आहे.

लगेच लिही.
तुझी पल्लू


पिंपळगाव बसवंत
१६ फेब्रुवारी

पल्लू,

तुझं पत्र भेटलं. घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. आई म्हणती नाशिकची माणसं कोंबडीला गादीवर झोपवायला लागली, आता कोंबडीच चहा मागंल.

इकडं सीजन लय जोरात हाय. सकाळी पॅकहाऊसला गेलं की मान वर करायला टाइम नाय. उभं राहून द्राक्षं निवडायची, कैचीनं बारके मणी काढायचे, वजन, पेटी, परत पुढची. बोटं चिकट होऊन जातात. लताबाई सुपरवायझर झाल्यापासून तर बोलायची पण चोरी. काल मी जरा हसले तर म्हणे, "सविता, द्राक्षानं जोक मारला का?"

कागदाचं विचारलंस ना. आम्ही त्याला गार्ड म्हणतो. पेटी भरली का सगळ्यात वरून हा कागद टाकायचा. त्याच्या आत पावडर असती. मग माल बोटीतून परदेशात जाईस्तोवर बुरशी धरत नाय. आता मला सांग, जिथं बुरशी जगत नाय तिथं पिसवा जगतील का? मी आमच्या फडताळात एक ठेवलाय, झुरळ दिसत नाय. तू बिनघोर राहा.

फक्त एक. कागद कुठून आला ते कुणाला सांगू नको. लताबाई सुटताना पिशव्या तपासती. ती म्हणती कंपनीची सुतळी पण घरी न्यायची नाय. मी ओढणीत गुंडाळून आणले होते. दादांनी, तुझ्या मामांनी, मालकाला शब्द टाकून मला इथं चिकटवलंय, त्यांची मान खाली जायला नको.

आभूला पापी. 'टीचर'मधून कोंबडा निघाला तर काय करशील?

सविता


नाशिक
१९ फेब्रुवारी

सवीताई,

काहीतरी चुकतंय.

चितरी बसायला तयार नाही. म्हणजे बसते, पण सारखी उठते, मान हलवते, चोच उघडी टाकून श्वास घेते. डोळ्यांतून पाणी येतंय. आणि शिंकते! कोंबडीची शिंक ऐकली आहेस का कधी? बारीक, 'पिच' अशी. दुसरं कोणी असतं तर मला हसू आलं असतं.

मी भागीबाईंना बोलावून दाखवलं आणि तीच माझी चूक झाली. त्यांनी लांबूनच बघितलं, पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "ही मानमोडी हाय. चार दिसांत हिची मान वाकडी होईल, मंग तुझ्या, मंग माझ्या, मंग गल्लीतल्या सगळ्या जातील." त्यांच्या मागच्या वर्षी पंधरवड्यात सगळ्या कोंबड्या मेल्या होत्या. त्या पप्पांशी पण बोलल्या. पप्पा आता हसत नाहीयेत. ते म्हणाले, "रविवारपर्यंत बरी झाली तर ठीक, नाहीतर कापून पुरायची. खायची पण नाही."

ताई, पुस्तकात मानमोडीची लक्षणं दिली आहेत. हिरवी घाण, लटपटणं, मान फिरणं. चितरीला यातलं एकही नाहीये. पेटीतून बाहेर काढून अंगणात सोडली की ती अर्ध्या तासात नॉर्मल होते, माती उकरते. परत आणून बसवली की परत सुरू. मला वाटतं तिला खोली आवडत नाही. पण बाहेर मुंगूस आहे. मी काय करू?

दिवसभर चितरी शिंकते, आणि घरात आता आभू पण खोकते. कोरडा खोकला. मम्मी म्हणते हवा बदलली. आमच्या खोलीत एक वास पण येतो, फुलबाजी विझल्यावर येतो ना तसा. मी पाणी शिंपडलं की जास्तच येतो. मला वाटतं एखादं अंडं आत सडलं असेल. मी टॉर्च लावून सगळी बघितली. पिल्लं आहेत आत, ताई! काळा ठिपका आणि बारीक लाल शिरा. एकात तर हलताना दिसलं. आभूने बघितलं आणि तोंडावर हात ठेवून बसली. आता रोज विचारते, "पप्पा त्यांना पण कापणार का?"

प्लीज लवकर सांग. रविवारच्या आत.

पल्लू


पिंपळगाव
२२ फेब्रुवारी

पल्लू,

गोरक्षमामाचा टेम्पो उद्या सकाळी नाशिकला यायलाय, त्याच्याच हातात देते. पोस्टानं गेलं तर रविवार निघून जाईल.

कापू देऊ नको. मानमोडी नाय ती. मी किती मानमोडी बघितल्यात, बाहेर सोडल्यावर नीट होत नाय कोंबडी. हे पिसवांचंच काम हाय. पिसवा नाकात डोळ्यात जातात तेव्हा असंच करती कोंबडी. तू पाणी शिंपडती ना, त्यानं कागद भिजून गेला असंल, त्याची ताकद गेली असंल. या सोबत नवीन गड्डी पाठवतीये. जुने काढून टाक आणि चांगले दोन-दोन थर लाव. पेटीच्या बाजूनं पण लाव. खिडकी लावून घे, गार वारा लागला का खुडूक कोंबडी उठती.

तुझ्या पप्पांना म्हण सविताताईनं लिहिलंय, एक आठवडा थांबा. मी कधी खोटं सांगितलंय का त्यांना?

कागद परत आणताना या वेळी माझा जीव गेला होता. लताबाईनं माझी पिशवी उलटी करून झटकली. गड्डी पोटाशी होती. घरी आल्यावर पोटावर लाल चट्टा उठलेला, घामानं असंल. पण तुझ्या कोंबडीसाठी कायपण!

गोरक्षमामाला चहा दे. तो बिनसाखरेचा म्हणतो पण घेतो साखरेचाच.

सविता


नाशिक
२६ फेब्रुवारी

ताई,

आभू हॉस्पिटलमध्ये आहे.

मी तुझे नवीन कागद लावले, तू सांगितलं तसेच. खिडकी लावली. शाळेतून आले की पाणी शिंपडलं. चितरी पेटीत राहीच ना म्हणून मी वर जाळीचं झाकण ठेवलं. आभू पलंगावर बसून होमवर्क करत होती. मी मागे कपडे काढायला गेले होते. परत आले तर ती पलंगाच्या कडेला बसलेली, दोन्ही हात गुडघ्यावर, खांदे वर-खाली, आणि आवाजच येत नव्हता. ओठ कसलेतरी दिसत होते. मी "आभू" म्हणाले तर तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. ती काही बोललीच नाही, ताई. ती कधी गप्प बसते का?

पप्पा अजून कंपनीतून आले नव्हते. मम्मीने तिला उचललं आणि अनवाणीच रस्त्यावर पळाली. भागीबाईंच्या मुलाने रिक्षा थांबवली. मी मागे पळत होते, हातात कपड्यांचे चिमटे तसेच.

ऑक्सिजन लावला. सुई दिली. आता बोलते आहे, पण दोन शब्दांनी थकते. डॉक्टरांनी विचारलं घरात कुत्रा, मांजर, काही आहे का. मम्मीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कोंबडी. झोपायच्या खोलीत." डॉक्टर काही रागावले नाहीत. त्यांनी नुसतं पेन खाली ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

मम्मीने घरी येऊन पेटी उचलून मागच्या मोरीवर नेऊन ठेवली, चितरीसकट, अंड्यांसकट. एक फुटलं. त्यात पूर्ण पिल्लू होतं. मम्मी पण बघत राहिली, मग आत निघून गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाहीये.

गंमत म्हणजे चितरी बाहेर एकदम शांत बसली आहे. आता उठत पण नाही. मुंगसाच्या भीतीने मी मोरीपाशी काठी घेऊन बसते. मला आत जायची पण भीती वाटते आणि बाहेर बसायची पण. आत आभूचा रिकामा पलंग आहे.

पिसांमुळे होतं म्हणे. मीच आणली ना खोलीत.

पल्लवी


पिंपळगाव
१ मार्च

पल्लू, हे पत्र भेटताच पहिलं काम कर. मग पुढचं वाच.

चितरीच्या पेटीतले कागद काढ. सगळे. ओले हाताला लागू देऊ नको, नाकाशी नेऊ नको. घरापासून लांब पूर. आणि आत्यानं, तुझ्या मम्मीनं, मी पेटी घेऊन आले होते त्या रविवारी माझ्याकडनं एक मागून घेतला होता, गोधड्यांच्या ट्रंकेत घालायला, कसर लागती म्हणून. तुला माहीत नसंल. तो पण काढ. आभूच्या अंगावर त्या ट्रंकेतली गोधडी घालू देऊ नको.

आता सांगते. काल पॅकहाऊसमध्ये कूलरचं पाणी गळून गार्डच्या गड्ड्यांवर पडलं. कुणाचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले. मग खोकला. मग केरूची बायको खालीच बसली, तिला श्वास घेता येईना. लताबाईनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि ओरडायला लागली, "गार्ड ओला करायचा नसतो, गॅस सुटतो, कुणी सांगितलं नाय का तुम्हाला?" आम्ही सगळ्या एकमेकींकडं बघत होतो. कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर उभी असताना मला तो वास आला, फुलबाजी विझल्यावरचा. तुझ्या पत्रातला. 

तू रोज पाणी शिंपडत होतीस. मी कागदावर कागद पाठवत होते. वर खिडकी लाव म्हणाले.

एसटीडी बूथवर जाऊन भागीबाईंकडं फोन लावला, रिंग जाती, कुणी उचलत नाय. गोरक्षमामाच्या हातापाया पडून त्याच्या हातीच हे पत्र पाठवतीये. त्याला काय आहे ते सांगितलं नाय.

कोंबडीचा काय दोष नाय पल्लू. तुझा पण नाय.

पण एक मागते. आत्याला मी स्वतः येऊन सांगीन. सीजन संपू दे. आता बोललीस तर आत्या रागात हिकडं येईल, दादांपुढं बोलंल, आणि लताबाईला कळलं तर मला त्याच दिवशी काढतील. दादांनी शब्द टाकलाय. महिनाभर गप्प राहा. मी पाया पडते तुझ्या.

आभू कशी हाय? एक ओळ तरी लिही. 

सविता


नाशिक
९ मार्च

सवीताई,

एक ओळ पहिली. आभू घरी आहे. बरी आहे.

पण तुझं पत्र आलं तेव्हाचं ऐक. ती त्याच सकाळी हॉस्पिटलमधून आली होती. मम्मीने तिला हॉलमध्ये सोफ्यावर झोपवलं होतं आणि अंगावर ट्रंकेतली जाड गोधडी. हॉस्पिटलच्या फरशीने तिला गारवा लागला म्हणून गरम पाण्याची पिशवी पण गोधडीत ठेवलेली, आणि ती पिशवी थोडी गळत होती. मी दारात गोरक्षमामांकडून पत्र घेतलं, पहिला परिच्छेद वाचला आणि आत पळाले. आभू खोकायला लागलीच होती. गोधडीच्या घडीत तो कागद तसाच होता, मम्मीला आठवण पण नव्हती. मी गोधडी ओढली तर आभू खाली पडली, कोपराला लागलं. मम्मी ओरडली, "वेड लागलंय का तुला? मारतेस का तिला आता?" मी गोधडी घेऊन सरळ मागच्या दाराने बाहेर.  सगळे कागद मळ्याच्या बांधाशी खोल पुरले. मम्मीला म्हणाले, गोधडीत झुरळ होतं.

झुरळ. मी हे सांगितलं आणि तिला पटलं.

तुझ्यासाठी गप्प बसले, ताई. तेव्हापासून गप्पच आहे. पण आता काय झालंय ते वाच आणि मग सांग.

चितरीची पिल्लं निघाली. सगळी नाही. बरीचशी अंडी मी हलवून बघितली तर आत नुसतं पाणी वाजलं. पण जी निघाली ती टुणटुणीत आहेत. 'टीचर' पण निघाला. चितरी मोरीपासून तुळशीपर्यंत त्यांना घेऊन फिरते, दाणा दिसला की कुकुक करते, घार दिसली की वेगळाच आवाज काढते आणि सगळी तिच्या पंखांखाली गायब. मुंगूस आलं होतं काल. ताई, ती त्याच्या अंगावर धावून गेली. कोंबडी, मुंगसाच्या अंगावर! ते परत गेलं. मी काठी घेऊन उभी होते, माझ्याच्याने हललं पण नाही.

हे सगळं आभूला दाखवायचं म्हणून मी एक पिल्लू ओंजळीत घेऊन आत गेले. ती सोफ्यावरून उठली आणि भिंतीला चिकटली. मी म्हणाले, अगं, हा टीचर आहे. ती म्हणाली, "लांब ने. त्याने मला मारलं तर?" मी म्हणाले हा कसा मारेल, बघ ना केवढासा आहे. तर म्हणाली, "त्याच्या आईने मारायला घेतलं होतं ना मला. डॉक्टर म्हणाले."

ती खिडकीपाशी पण येत नाही आता. बाहेर कुकुक ऐकू आलं की तोंडावर रुमाल धरते. नुसतं ऐकूनच तिची छाती भरते. मी बघितलंय. मागे काही नव्हतं, कागद नाही, वास नाही, तरी.

मम्मीने भागीबाईंशी बोलून ठेवलंय. त्यांचे भाऊ नाथा येणार आहेत, सगळ्या कोंबड्या घेऊन जाणार, चितरी, लाली, पिल्लं, सगळी. ते पाळायला नेत नाहीयेत, हे मला पण कळतं. ते एक वेळ मी सहन करीन. खरंच करीन. पण परवा आभूला परत डॉक्टरांकडे न्यायचंय. त्यांनी फाइलवर पिसांची अ‍ॅलर्जी लिहिलंय. मम्मी म्हणते आता उशा बदलायच्या, मामांकडे पिंपळगावला सुट्टीत पाठवायचं नाही, कारण तुमच्याकडे कोंबड्या आहेत. औषध पण त्याचंच सुरू करणार. आणि उद्या कुठेतरी तिच्या नाकात परत तो वास गेला, कुणाच्या द्राक्षाच्या पेटीतून, तर? डॉक्टर पिसंच शोधत बसतील ना?

तुझं नाव न घेता सांगता येईल का, याचा मी खूप विचार केला. नाही येत. कागद म्हटला की मम्मी विचारणार कुठून आला. आणि तिला आठवेल की एक तिने स्वतः मागून घेतला होता. मग ती स्वतःला काय म्हणेल ते मला बघायचं नाहीये. ती आत्ताच रोज उठून आभूच्या छातीला कान लावते. पप्पा मामांकडे जातील. मामा मान खाली घालतील. तुझी नोकरी जाईल. तू परत कधी आमच्याकडे येशील की नाही?

महिनाभर थांब म्हणालीस. माझ्याकडे दोन दिवस आहेत. गोरक्षमामांना मी थांबवून ठेवलंय, ते चहा पिताहेत, साखरेचा. हे पत्र संध्याकाळी तुझ्या हातात असेल आणि उद्या सकाळी ते परत इकडे येणार आहेत. त्यांच्या हाती उत्तर दे. नुसतं हो किंवा नाही दिलंस तरी चालेल. पण देण्याआधी एकदा डोळे मिटून बघ. आभू भिंतीला चिकटून उभी आहे, आणि डॉक्टर विचारताहेत, "घरात आणखी काही नवीन आणलं होतं का?" आणि सगळे माझ्याकडे बघताहेत.

तू तिथे माझ्या जागी असतीस, ताई, तर सांगितलं असतंस का?

पल्लू